स्टार्मर यांच्या नावामागचं ‘केसी’: बढती, किताब की नुसती शोभा?

विचारणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेले कीर स्टार्मर यांच्या नावापुढे जुन्या बातम्यांत ‘क्यूसी’ दिसतं, नव्या बातम्यांत ‘केसी’. ही तिकडच्या निवडक वकिलांना मिळणाऱ्या दर्जाची अक्षरं. मधल्या काळात त्यांना बढती मिळाली का? त्यांना ‘सर’ म्हणतात ते याच्यामुळेच का? आपल्याकडे सिनिअर ॲडव्होकेट असतात तसंच हे का? आणि एखादा राजकारणी केसी आहे म्हणजे तो नावाजलेला वकील असणारच, असं धरून चालावं का?

आधी सरळ उत्तरं देतो. बढती नाही. ‘सर’चा याच्याशी काडीचा संबंध नाही. सिनिअर ॲडव्होकेटशी नातं आहे, पण सख्खं नव्हे, चुलत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माणसागणिक बदलतं, आणि खरी मेख तिथेच आहे. मी मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होतात तिथे, वकिली करतो. लवादाच्या कामांत लंडनच्या कौन्सिलशी, म्हणजे कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांशी, कधी बरोबर बसून, कधी समोर उभं राहून संबंध आला आहे, त्यामुळे दोन्हीकडची रीत जवळून पाहिलेली आहे.

स्टार्मर यांचं पूर्ण नाव औपचारिक कागदावर असं लिहितात: द राइट ऑनरेबल सर कीर स्टार्मर, केसीबी, केसी, एमपी. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या दारातून आलेला आहे. ‘राइट ऑनरेबल’ आलं ते २०१७ मध्ये प्रिव्ही कौन्सिल या राजसत्तेच्या सल्लागार मंडळाचे सदस्य झाल्यामुळे. ‘सर’ आणि ‘केसीबी’ ही जोडी आहे. २००८ ते २०१३ अशी पाच वर्षं ते इंग्लंड आणि वेल्सच्या सरकारी अभियोग खात्याचे प्रमुख होते, त्या पदाला तिकडे डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्स म्हणतात. त्या कामाबद्दल २०१४ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ या सन्मानाचा नाइट कमांडर हा दर्जा मिळाला. म्हणजे ‘सर’ मिळालं ते वरिष्ठ सरकारी अधिकारी म्हणून. ‘एमपी’ २०१५ पासून, होलबर्न अँड सेंट पॅन्क्रस मतदारसंघातून. उरलं ‘केसी’. ते मात्र थेट वकिलीतून आलेलं आहे आणि या सगळ्यांत जुनं आहे, २००२ सालचं. केसीबी आणि केसी ही अक्षरं कानाला सारखी लागतात म्हणून घोटाळा होतो.

क्यूसीचं केसी कसं झालं? ‘क्वीन्स कौन्सिल’ म्हणजे राणीचा वकील, ‘किंग्ज कौन्सिल’ म्हणजे राजाचा. राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी वारल्या आणि त्या क्षणापासून सगळे क्यूसी आपोआप केसी झाले. नवा अर्ज नाही, नवी शपथ नाही, नवी नेमणूक नाही. राजा बदलला म्हणून राजसत्तेखालची पदं खालसा होत नाहीत, अशी सोय १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया राणी गेल्यानंतर, कायदा करूनच ठेवलेली होती. त्याच दिवशी ‘क्वीन्स बेंच’ या न्यायालयाच्या विभागाचं नावही ‘किंग्ज बेंच’ झालं. चेंबरच्या पाट्या आणि लेटरहेड बदलायचा खर्च तेवढा झाला.

आता हे प्रकरण मुळात काय आहे ते बघू. महाराष्ट्रात ‘बॅरिस्टर’ हाच एकेकाळी किताब होता. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले, अशी ‘बॅ.’ नावाला कायमची चिकटलेली. इंग्लंडात मात्र बॅरिस्टर म्हणजे पहिली पायरी. बारचं शिक्षण पुरं करून ‘इन’ने, म्हणजे वकिलांच्या जुन्या संस्थेने, बारमध्ये घेतलं की पंचविशीतलं पोरही बॅरिस्टर होतं. स्टार्मर १९८७ मध्ये मिडल टेम्पल या इनमधून बॅरिस्टर झाले आणि क्यूसी व्हायला त्यांना पुढची पंधरा वर्षं लागली. प्रॅक्टिस करणाऱ्या बॅरिस्टरांपैकी साधारण दहा टक्केच केसी असतात. केसी झालेल्याला रेशमी गाऊन घालता येतो, म्हणून त्याला बोलीत ‘सिल्क’ म्हणतात. बाकीचे सगळे वयाने कितीही मोठे असले तरी ‘ज्युनिअर’. केस पांढरे झालेले ज्युनिअर तिथे पैशाला पासरी भेटतात आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नाही.

याचा उगम राजाच्या सोयीतला. एलिझाबेथ पहिलीच्या काळात फ्रान्सिस बेकन यांना असा पहिला मान मिळाला, असं मानतात. राजाचा वकील म्हणजे राजाच्या बाजूनेच उभं राहणारा. म्हणून फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू घ्यायची असेल तर या मंडळींना राजाचा परवाना काढावा लागे. ही कटकट १९२० पर्यंत चालू होती. पुढे राजाशी संबंध नावापुरता उरला आणि तो वकिलीतला दर्जा झाला. सिल्क उभा राहिला की त्याच्यासोबत ज्युनिअर पाहिजेच, असाही नियम होता. अशिलाला दोन फिया मोजाव्या लागत. १९७७ मध्ये तो गेला. स्त्रियांना इंग्लंडमध्ये हा मान मिळायला १९४९ उजाडावं लागलं. हेलेना नॉर्मंटन आणि रोझ हाइलब्रॉन या दोघी त्या वर्षी केसी झाल्या.

नेमणूक कशी होते, हा भाग महत्त्वाचा आहे, कारण किताबाची किंमत त्यावरच ठरते. आजची रीत अशी. एक स्वतंत्र निवड मंडळ आहे. त्यात वकील असतात, निवृत्त न्यायाधीश असतात आणि वकिलीशी संबंध नसलेले लोकही असतात. उमेदवाराने फी भरून अर्ज करायचा. गेल्या काही वर्षांतली डझनभर वजनदार प्रकरणं द्यायची आणि ज्यांच्यासमोर ती चालली त्या न्यायाधीशांची, बरोबरच्या आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांची, अशिलांची नावं द्यायची. मंडळ त्यांच्यातल्या काहींना गुपचूप विचारतं. कायद्याची जाण, लेखी आणि तोंडी मांडणी, बरोबरच्यांशी वागणूक, सचोटी, हे सगळं तपासतात, मग मुलाखत. विरुद्ध बाजूच्या वकिलाचं मत विचारणं मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचं वाटतं. तुमची उलटतपासणी ज्याने अंगावर घेतली आहे त्याच्याइतकं तुमचं पाणी दुसरं कोण जोखणार? नावं लॉर्ड चॅन्सेलर या मंत्र्यामार्फत राजाकडे जातात. मग वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ होतो: खांद्यापर्यंत येणारा लांब विग, गुडघ्यापर्यंतची विजार, बकलचे बूट, गळ्याशी लेस. चांगले खमके फौजदारी वकील त्या वेशात नाटकातल्या दरबाऱ्यांसारखे दिसतात.

पण ही रीत नवी आहे. स्टार्मर क्यूसी झाले त्या २००२ मध्ये नावं लॉर्ड चॅन्सेलरचं खातंच ठरवत असे. न्यायाधीश आणि ज्येष्ठ वकील यांच्याकडे खाजगीत कानोसा घेतला जाई आणि कुणी काय सांगितलं ते उमेदवाराला कधीच कळत नसे. त्यावर बरीच टीका झाली, २००३ मध्ये नेमणुकाच थांबवल्या आणि नव्या मंडळाने निवडलेली पहिली यादी २००६ मध्ये आली. तेव्हा आजच्या चाळणीतून स्टार्मर गेलेले नाहीत हे खरं. मात्र त्यांचं काम उघड्यावर आहे, ते बघून मत बनवता येतं.

ते काम बहुतांशी सत्तेच्या किंवा पैशाच्या विरुद्ध बाजूचं. मॅकडोनाल्ड्सने दोन पर्यावरणवादी कार्यकर्त्यांवर पत्रकाबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. अब्रुनुकसानीत सरकारी कायदेमदत मिळत नव्हती, त्यामुळे ते दोघे स्वतःच खटला चालवत होते. स्टार्मर यांनी वर्षानुवर्षं त्यांना फुकट सल्ला दिला, आणि २००५ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटननेच त्या दोघांच्या हक्कांचा भंग केल्याचा निकाल दिला. युगांडात ठरावीक गुन्ह्यांना फाशीच द्यायची, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही, असा कायदा होता. तो आव्हान देऊन पाडला गेला, त्या वकिलांच्या फळीत ते होते. त्या प्रकरणात फाशीच्या छायेतले ४०० हून अधिक कैदी होते. सिल्क अशा कामाने मिळालं, पक्षकार्याने नव्हे. गंमत म्हणजे राजेशाही नको म्हणणाऱ्यांपैकी हे एक, आणि आपल्यालाच राणीचा वकील केलं, असं त्यांनी स्वतःच एका जुन्या मुलाखतीत हसत सांगितलेलं आहे. पुढे विरोधकांनी ती चित्रफीत शोधून काढायची ती काढलीच.

सिल्क होऊन राजकारणात गेलेल्यांची परंपरा तिकडे मोठी आहे. ॲस्क्विथ १८९० मध्ये क्यूसी, १९०८ मध्ये पंतप्रधान. १९४२ मध्ये आपल्याकडे योजना घेऊन आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स १९२७ चे केसी होते, पेटंटच्या कामातले तरबेज. टोनी ब्लेअर बॅरिस्टर होते, पण सिल्क नव्हते. ते मिळालं त्यांच्या पत्नी शेरी बूथ यांना, १९९५ मध्ये.

पण मराठी माणसाला यातली सर्वांत जवळची गोष्ट १९१९ ची आहे. लोकमान्य टिळकांनी ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर त्यांच्या पुस्तकातल्या मजकुराबद्दल लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. टिळकांच्या बाजूने उभे होते सर जॉन सायमन, केसी, माजी गृहमंत्री. चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, केसी, अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या, ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांचे पुढारी. दोघेही राजकारणी. टिळक हरले, खर्चही अंगावर आला. आणि टिळकांचे हेच वकील ३ फेब्रुवारी १९२८ ला मुंबईच्या धक्क्यावर उतरले ते सायमन कमिशनचे अध्यक्ष म्हणून, काळे झेंडे आणि ‘सायमन परत जा’च्या घोषणा ऐकायला.

काही लोक याला दुटप्पीपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. इंग्लंडच्या बारचा नियम असा की आपल्या विषयातलं काम आलं, फी रास्त आहे आणि वेळ मोकळा आहे, तर अशील आवडत नाही म्हणून ब्रीफ परत पाठवायचं नाही. त्याला ‘कॅब-रँक’ म्हणतात. रांगेत पहिल्या उभ्या टॅक्सीवाल्याने येईल ते भाडं घ्यायचं. सायमन यांनी टिळकांचं काम घेतलं म्हणून ते स्वराज्यवादी झाले नाहीत आणि कार्सन यांनी चिरोलचं घेतलं म्हणून त्यावरून त्यांची राजकीय मतं ठरत नाहीत. हेच स्टार्मर यांच्या बाबतीत रोज विसरलं जातं. हिज्ब उत्-तहरीर या इस्लामी संघटनेचं जर्मनीतल्या बंदीविरुद्धचं स्ट्रासबर्गचं काम त्यांनी केलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर सभागृहात तेच काढून टोमणा मारला. आपल्याकडेही निवडणुकीत ‘यांनी अमक्या आरोपीचं वकीलपत्र घेतलं होतं’ हा हुकमी एक्का असतोच. वकिलाचं मोजमाप अशिलावरून करायचं ठरवलं तर फौजदारी बाजूचा एकही वकील निवडणुकीला उभा राहू शकणार नाही.

आता किताबाची काळी बाजू. वर सांगितलेल्या वाटेशिवाय इंग्लंडमध्ये आणखी एक वाट आहे: पदावरून मिळणारं सिल्क. ॲटर्नी जनरल किंवा सॉलिसिटर जनरल म्हणून सरकारात घेतलं की त्या माणसाला हा मान देण्याची प्रथा आहे. रॉबर्ट बकलंड यांना तो २०१४ मध्ये सॉलिसिटर जनरल झाल्यावर मिळाला. सुएला ब्रेव्हरमन फेब्रुवारी २०२० मध्ये ॲटर्नी जनरल झाल्या आणि पाठोपाठ क्यूसी. याउलट २०२४ चे ॲटर्नी जनरल रिचर्ड हर्मर आधीपासूनच प्रॅक्टिसमधले सिल्क होते. पूर्वी तर खासदार झालेल्या बॅरिस्टरला सिल्क जवळजवळ चालून यायचं. वकीलमंडळी त्याला ‘नकली रेशीम’ म्हणून नाकं मुरडत. अक्षरं दोघांची तीच, कागदावर फरक कळत नाही.

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने याहून वर कडी केली. राजकीय खिरापत वाटली जाते म्हणून त्यांनी १९८५ मध्ये ही प्रथाच बंद केली होती. २०२३ मध्ये डग फोर्ड यांच्या सरकारने ती पुन्हा काढली आणि एकदम ९१ जणांना केसी केलं. त्यांत मंत्री होते, पक्षाशी जवळीक असलेले होते. अर्ज, मुलाखत, मंडळ, काही नाही. तिकडच्या वकीलवर्गात बोंब झाली ती योग्यच होती. आयर्लंड, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका यांनी राजाचं नाव काढून ‘सिनिअर कौन्सिल’ केलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी आधी राणीचं नाव काढलं आणि नंतर पुन्हा आणलं. परदेशी अशिलांना क्यूसी पटकन कळतं, सिनिअर कौन्सिल समजावून सांगावं लागतं, हा त्यामागचा उघड हिशेब.

भारतात राजाचा प्रश्नच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चं कलम १६ दोन वर्ग करतं: सिनिअर ॲडव्होकेट आणि बाकीचे. सर्वोच्च न्यायालय किंवा हायकोर्ट हा दर्जा देतं, वकिलाच्या संमतीने. म्हणजे देणारं न्यायालय आहे, सरकार नाही. कायदामंत्र्याला यात बोट घालायला जागा नाही, आणि इंग्लंडच्या तुलनेत आपली व्यवस्था इथे सरस आहे असं माझं मत आहे. ॲटर्नी जनरल झालो म्हणून आपोआप दर्जा, असंही कलमात कुठे नाही.

पण निवडीत आपणही चाचपडतोच आहोत. पूर्वी सगळे न्यायाधीश बसून मतदान करत. १९८६ मध्ये इंदिरा जयसिंग मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला सिनिअर झाल्या, आणि पुढे त्यांनीच या पद्धतीला आव्हान दिलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० गुणांची पद्धत घालून दिली: प्रॅक्टिसची वर्षं २०, निकालांमधलं काम ४०, प्रकाशनं १५, मुलाखत २५. प्रकाशनांचे गुण बघून भल्याभल्यांनी घाईघाईने लेख लिहायला घेतले. २०२३ मध्ये प्रकाशनांचे गुण ५ वर आणले, आणि मे २०२५ मध्ये न्यायालयाने गुणांची पद्धतच मोडीत काढून निर्णय पुन्हा सर्व न्यायाधीशांच्या बैठकीकडे दिला. काही मिनिटांच्या मुलाखतीत आयुष्यभराची वकिली मोजता येत नाही, हे मला पटतं. पण बंद दाराआडच्या बैठकीत ती मोजता येते, हेही मला पटत नाही.

डेझिग्नेशनबरोबर, म्हणजे सिनिअरच्या दर्जाबरोबर, पथ्यंही येतात, ती बाहेरच्यांना माहीत नसतात. सिनिअरने वकीलपत्र दाखल करायचं नाही, अशिलाकडून थेट काम घ्यायचं नाही, प्लीडिंग (दाव्याचे लेखी कागद) स्वतः तयार करायची नाहीत, दुसऱ्या वकिलाशिवाय उभं राहायचं नाही. आमच्याकडे ओरिजिनल साइडला सॉलिसिटरने ब्रीफ करायचं आणि कौन्सिलने उभं राहायचं ही जुनी वहिवाट आहे, त्यामुळे तिथे हे जड जात नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून हायकोर्टात आलेल्या, अशिलांना नावानिशी ओळखणाऱ्या वकिलाला मात्र गाऊन बदलला की निम्मी प्रॅक्टिस हातची जाते. म्हणून चांगले वकील मुद्दाम अर्ज न करता राहिलेले आम्हाला माहीत आहेत. इंग्लंडमध्येही सिल्क घेतल्यावर ज्युनिअरची कामं थांबतात आणि सिल्कची यायला वेळ लागतो, या धास्तीने कित्येक जण थांबतात.

दोन्ही दर्जे एकमेकांच्या देशात चालत नाहीत, हेही सांगायला हवं. नागपूरचे हरीश साळवे आपल्याकडे सिनिअर ॲडव्होकेट होते, १९९९ ते २००२ या काळात सॉलिसिटर जनरल होते. तरी इंग्लंडच्या बारमध्ये रीतसर दाखल होऊन २०२० मध्ये त्यांना तिकडचं क्यूसी वेगळं मिळवावं लागलं. राजकारणात होते ते त्यांचे वडील एनकेपी साळवे. मुलगा वकिलीतच राहिला.

सिल्क असलेला माणूस राजकारणात चमकतोच का? यावर माझं मत थोडं कडू आहे. स्टार्मर विरोधी पक्षनेते असताना दर बुधवारी पंतप्रधानांना सहा प्रश्न विचारत. पहिले काही महिने ‘काय उलटतपासणी करतो!’ अशी वाहवा झाली. आम्ही वकील ऐकत होतो तेव्हा एवढंच दिसत होतं की प्रश्न नेमके आहेत, पण साक्षीदार बांधलेला नाही. कोर्टात साक्षीदाराने फाटे फोडले तर न्यायाधीश म्हणतात, विचारलं त्याचं उत्तर द्या. ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात स्पीकर शिस्त राखतात, उत्तर मिळवून देत नाहीत. बोरिस जॉन्सन यांनी उत्तर न देता विनोद केला की सभागृह हसायचं आणि प्रश्न वाया जायचा. शिवाय चांगला सिल्क शिकतो ते समोरच्या एका न्यायाधीशाला पटवायला, कागदावर जे आहे तेवढंच बोलायला. मतदार कागद वाचून येत नाही. अभियोग खात्याची पाच वर्षं, हजारो कर्मचाऱ्यांचं खातं चालवण्याचा अनुभव, हा भाग मंत्रालयात केसीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतो.

तेव्हा एखाद्या राजकारण्यापुढे ही अक्षरं दिसली तर दोन तारखा शेजारी ठेवून बघा: दर्जा मिळाल्याची आणि पहिलं राजकीय पद मिळाल्याची. स्टार्मर: क्यूसी २००२, खासदार २०१५. कपिल सिब्बल: सिनिअर १९८३, राज्यसभा १९९८. अशा माणसांना वकिलीने ओळखलं ते राजकारणाच्या कितीतरी आधी. ब्रेव्हरमन यांच्या दोन्ही तारखा तपासल्या तर क्रम उलटा निघतो: खासदार २०१५, क्यूसी २०२०. ही तारीख शोधायला वेळ लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर सिनिअर ॲडव्होकेटांची यादी असते आणि इंग्लंडमध्ये दर वर्षीच्या नेमणुका जाहीर होतात.